शेजारच्या कचेरीस कोणी विचारलें?

डोंबिवलींतील पांसष्ट इमारतींची हकीगत आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवर आलेलीच असेल. ठाणें, कल्याण, डोंबिवली ह्या टापूंत ज्यांचे आप्तसंबंधी आहेत, त्यांच्यापैकीं कित्येकांनीं तर ती प्रत्यक्ष भोगणाऱ्यांच्या तोंडून ऐकिली असेल. थोडक्यांत ती अशी. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या नांवानें बांधकाम-परवान्यांचे बनावट कागद तयार करण्यांत आले. शिक्के बनावट, सह्याही बनावट. हे कागद महारेरा, म्हणजे राज्याचें स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, ह्याच्याकडे सादर करून नोंदणीक्रमांक मिळविण्यांत आले आणि ते क्रमांक दाखवून घरें विकण्यांत आलीं. बँकांनीं कर्जें दिलीं, माणसें राहावयास गेलीं, वास्तुशांति झाल्या. पुढें एका वास्तुविशारदानें हें प्रकरण न्यायालयापुढें नेलें, आणि १९ नोव्हेंबर २०२४ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें ह्या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनीं आयुष्याची पुंजी घालून घर घेतलें त्यांचा अपराध एवढाच, कीं सरकारी क्रमांकावर त्यांनीं विश्वास ठेविला.

ह्या प्रकरणांतील लोभ व लबाडी ह्यांवर आम्ही लिहिणार नाहीं. त्यासाठीं पोलीस आहेत, न्यायासन आहे. आमचें लक्ष वेधिलें तें एका अगदीं क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीनें. परवाना देणारी कचेरी कल्याणास, परवाना पाहून क्रमांक देणारी कचेरी मुंबईस. दोहोंमध्यें रेल्वेनें पन्नासएक किलोमीटरांचें अंतर. आणि विजेच्या तारेवर पाहूं गेल्यास एकमेकींच्या भिंतीस भिंत. तरीही एकीनें दुसरीस 'हा परवाना तुम्हीं दिला काय?' असा पांच शब्दांचा प्रश्न वेळेवर केला नाहीं. कागद आला, तो साजरा दिसला, पुढें सरकला. आणि नवल असें, कीं संगणकावर नागरी कारभार चालविण्यांत हीच महानगरपालिका ह्या शतकाच्या आरंभीं साऱ्या राज्यांत पुढें होती. तिचा कित्ता इतर पालिकांनीं गिरवावा असें शासनानेंही ठरविलें होतें. यंत्रें होतीं, परंतु तीं एकमेकांशीं बोलत नव्हतीं. तेव्हां यंत्रें एकमेकांशीं बोलतात तीं कशीं, व त्यास खर्च किती येतो, हें ह्या वेळीं पाहूं.

सर्व्हर हा शब्द ऐकतांच कांहीं वडील मंडळी पान उलटतील, म्हणून आधीं त्याची भीति घालवितों. सर्व्हर म्हणजे विचारल्या प्रश्नास उत्तर देण्यासाठीं रात्रंदिवस जागा ठेविलेला संगणक. आपण मोबाइलवर गाडीची वेळ पाहतों तेव्हां हातांतील यंत्र कोठल्याशा सर्व्हरास प्रश्नच करीत असतें. तेथें प्रश्न करणारा मनुष्य असतो. परंतु प्रश्न करणाराही सर्व्हरच असल्यास हरकत कोणती? एका कचेरीचा सर्व्हर दुसऱ्या कचेरीच्या सर्व्हरास अगदीं त्याच भाषेंत विचारूं शकतो. मात्र केव्हां, कोठें व काय विचारावयाचें हें त्यास कोणीतरी लिहून द्यावें लागतें. ह्या लेखास स्क्रिप्ट म्हणतात. अमुक पत्त्यावर जा, हा क्रमांक दाखव, उत्तर घेऊन ये. उत्तर जुळल्यास वहींत टिपून ठेव, न जुळल्यास कारकुनास हांक मार. एवढाच त्यांतील मजकूर. जाणता तरुण असा लेख दहा-वीस ओळींत लिहितो. तो रोज रात्रीं दोन वाजतां आपोआप चालावा अशी सोयही त्याच यंत्रांत असते.

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पूर्ण अधिकार घेऊन जाणारा तो निसृष्टार्थ, ठरलेल्या मर्यादेंतच बोलणारा तो परिमितार्थ, आणि केवळ लेख नेऊन पोंचविणारा तो शासनहर. आमची स्क्रिप्ट ह्या तिसऱ्या जातीची. तिला वाटाघाटी करतां येत नाहींत, तिचें मन वळवितां येत नाहीं, आणि दिवाळीस मिठाईचा पुडा पोंचविल्यानें ती प्रसन्नही होत नाहीं. कचेरीच्या कामीं हा तिचा मोठाच गुण समजावा.

अशा दूतकर्मासाठीं जगभर वापरांत असलेलें एक साधन म्हणजे 'कर्ल' नांवाचा प्रोग्राम. स्वीडनमधील डॅनिएल स्टेनबर्ग ह्या गृहस्थानें तो १९९८ सालीं ह्या नांवानें प्रसिद्ध केला. मूळ गरज मोठी नव्हती. संगणकावर गप्पा मारणाऱ्या मंडळीस निरनिराळ्या देशांच्या चलनांचे भाव सांगावयाचे होते, आणि ते भाव दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून आपोआप आणवावयाचे होते. आज तोच प्रोग्राम मोटारगाड्यांपासून दूरचित्रवाणीच्या संचांपर्यंत कोट्यवधि यंत्रांत बसलेला आहे, आणि अद्यापि तो फुकट मिळतो. साधन महाग पडतें ही सबब तेव्हां कोणत्याही कचेरीस सांगतां येणार नाहीं.

उत्तर कोणत्या स्वरूपांत यावें ह्याचेही संकेत ठरलेले आहेत. हल्लीं फार प्रचारांत असलेल्या संकेतास जेसन म्हणतात. त्यांत प्रत्येक गोष्टीचें नांव व तिचें मूल्य अशा जोड्या लावून ठेविलेल्या असतात: परवाना क्रमांक अमुक, दिनांक अमुक, मजले चार, स्थिति वैध. पंचांगांत तिथि, वार, नक्षत्र, योग, करण ह्यांचीं घरें ठरलेलीं असल्यामुळें रत्नागिरीचें पंचांग नागपूरचा जोशी वाचूं शकतो, तशांतलीच ही युक्ति. शिवाय उत्तराच्या माथ्यावर एक तीन अंकी संख्या असते. २०० म्हणजे प्रश्न पोंचला, उत्तर सोबत आहे. ४०४ म्हणजे अशी वस्तु आमच्या दप्तरीं नाहीं. ५०३ म्हणजे सध्यां आम्हांस उत्तर देतां येत नाहीं, मागाहून या.

महानगरपालिकेनें आपल्या परवान्यांचें दप्तर अशा रीतीनें मांडून ठेविलें असतें, आणि महारेराच्या यंत्रानें प्रत्येक अर्जाच्या वेळीं हा शासनहर धाडला असता, तर बनावट परवान्याचा क्रमांक घेऊन गेलेला दूत ४०४ घेऊन परतला असता. किंवा क्रमांक खरा पण इमारत भलतीच, असें उत्तर घेऊन आला असता. दोन्ही उत्तरांना एका सेकंदाहून अधिक वेळ लागण्याचें कारण नव्हतें.

आतां जो भाग खरोखर नाजूक आहे तिकडे येऊं. उत्तर आलेंच नाहीं तर काय समजावयाचें? 

आमच्या ह्या टापूंतील लोकांना तरी हें शिकविण्यासाठीं संगणकाची गरज पडूं नये. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली, आणि १ मे १८५४ रोजीं तोच मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. पुढें रेल्वेंत जी ब्लॉक-पद्धति रूढ झाली तिचें सारें मर्म दोन स्टेशनांमधील प्रश्नोत्तरांत आहे. गाडी सोडण्यापूर्वीं मास्तर पुढच्या स्टेशनास घंटेच्या ठोक्यांनीं विचारतो, मार्ग मोकळा आहे काय? पुढच्यानें 'लाइन क्लिअर' दिल्यावांचून सिग्नल पडत नाहीं. मुंबईच्या उपनगरी मार्गावर आतां स्वयंचलित सिग्नल आले आहेत, परंतु देशांत अनेक मार्गांवर ही प्रश्नोत्तरें अजून चालू आहेत. तार तुटली, घंटा बिघडली, पुढच्या मास्तरास डुलकी लागली. कारण कांहींही असो, उत्तर नाहीं म्हणजे गाडी नाहीं. मौनं संमतिलक्षणम् हें लग्नाच्या बोलणींत एक वेळ चालेल, रेल्वेंत त्याचा अर्थ अपघात असा होतो.

कचेऱ्यांच्या यंत्रांत मात्र हें पथ्य पुष्कळदां मोडलें जातें. उत्तर यावयास उशीर झाला, रांग वाढली, वरून तगादा आला, कीं कोणीतरी स्क्रिप्टमध्यें एक ओळ घालतो: दहा सेकंदांत उत्तर न आल्यास 'ठीक आहे' असें समजून पुढें जावें. ही एक ओळ साऱ्या व्यवस्थेवर पाणी सोडण्यास पुरेशी होते. आम्हीं शाळेंत हजेरी घेतली आहे; नांव पुकारल्यावर 'हजर' असा शब्द आला नाहीं तर मुलगा गैरहजर मांडावयाचा, बाकावर दप्तर दिसतें म्हणून हजर मांडावयाचा नाहीं.

मौनाचा अर्थ 'नाहीं' असाही एकदम घेतां येत नाहीं, आणि ह्याचा अनुभव प्रत्येक घरांत येतो. फडके रोडवर भाजी घेतली, मोबाइलनें पैसे पाठविले, आपल्या खात्यांतून रक्कम वजा झाली, आणि भाजीवाला म्हणतो, 'पैसे आले नाहींत, काका.' यूपीआय ही व्यवस्था २०१६ सालीं सुरू झाली. तिच्यांत आपली बँक, मधली राष्ट्रीय संस्था आणि भाजीवाल्याची बँक अशा निरनिराळ्या सर्व्हरांची पाठोपाठ प्रश्नोत्तरें होतात. आपलें खातें डोंबिवलीच्या सहकारी बँकेंत असो कीं मुंबईच्या मोठ्या बँकेंत, मार्ग तोच. ह्यांतील शेवटचें उत्तर वाटेंत हरवलें, तर पैसे पोंचले कीं नाहीं हें त्या क्षणीं कोणासच निश्चित ठाऊक नसतें. अशा वेळीं पुन्हां पैसे पाठविण्याची घाई करूं नये. प्रत्येक व्यवहारास एक बारा अंकी संदर्भ क्रमांक असतो. तो टिपून ठेवावा. यंत्रेंही त्याच्याच आधारें मागाहून चौकशी करतात व एकच व्यवहार दोनदां नोंदला जाऊं देत नाहींत. रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१९ मध्यें नियम घालून दिला आहे, कीं खात्यांतून रक्कम गेली पण समोरच्यास मिळाली नाहीं, तर एका व्यक्तीनें दुसरीस पाठविलेले पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, व दुकानदारास दिलेले पैसे पांच दिवसांपर्यंत आपोआप परत यावेत. त्यापुढें दर दिवसास १०० रुपये भरपाई बँकेनें मागितल्यावांचून द्यावी. हा नियम आमच्या पाहण्यांतील फार थोड्या गृहिणींस ठाऊक आहे, म्हणून येथें मुद्दाम दिला.

मौनापेक्षांही वाईट तें खोटें उत्तर. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर जो प्रसंग आला त्याचें वर्म हेंच होतें. ही बँक १९०६ सालची. आमच्या समाजांतील कित्येक घराण्यांच्या ठेवी तिच्यांत पिढ्यान् पिढ्या आहेत. कार्डानें पैसे काढतांना एटीएम बँकेच्या यंत्रास विचारतें, इतके द्यावे काय? चोरांनीं बँकेच्या व्यवस्थेंत शिरून ह्या प्रश्नांना उत्तर देणारा एक तोतया सर्व्हर उभा केला. त्या दिवशीं प्रश्न खऱ्या यंत्राकडे गेलेच नाहींत; तोतया प्रत्येकास 'द्या' म्हणत राहिला. ११ ऑगस्ट रोजीं अवघ्या कांहीं तासांत २८ देशांतील एटीएमांतून सुमारें ७८ कोटी रुपये आणि भारतांतून सुमारें अडीच कोटी काढले गेले. १३ ऑगस्ट रोजीं आणखी सुमारें १३ कोटी ९२ लक्ष रुपये हाँगकाँगच्या एका खात्यांत वळविण्यांत आले. ही रक्कम बँकेची गेली, खातेदारांच्या खात्यांतून ती वजा झाली नाहीं. परंतु ज्यांनीं त्या आठवड्यांत वर्तमानपत्र हातांत घेतलें होतें, त्यांस आपल्या पेन्शनीच्या पासबुकाची आठवण झाल्यावांचून राहिली नसेल.

म्हणून प्रश्नाबरोबर ओळखही पटवावी लागते. पूर्वीं खलित्यावर मुद्रा असे, आणि मुद्रा पाहिल्यावांचून खलिता उघडीत नसत. यंत्रांच्या पत्रव्यवहारांत हें काम गुप्त किल्ल्या व त्यांवरून केलेली संख्यात्मक स्वाक्षरी करते. मजकुरांत एक अक्षर जरी बदललें तरी स्वाक्षरी जुळत नाहीं. रबरी शिक्का कोणत्याही गल्लींत करून मिळतो, ही स्वाक्षरी मिळत नाहीं. मात्र किल्ली सांभाळणारा मनुष्य सावध पाहिजे. ती कागदावर लिहून संगणकाच्या पडद्यास चिकटविली, तर पुढचें सारें शास्त्र व्यर्थ आहे.

येथें एका अडचणीचा उल्लेख केल्यावांचून आमच्यासारख्या संस्कृताच्या अभ्यासकास पुढें जाववत नाहीं. ती अडचण आपल्या लिपीची. एका दप्तरांत 'डोंबिवली' लिहिलेली असते, दुसऱ्यांत 'डोम्बिवली'. अनुस्वाराच्या जागीं परसवर्ण लिहिणें व्याकरणास मान्य, आणि आपल्या डोळ्यांस दोन्ही गांवें एकच. यंत्रास मात्र तीं दोन निराळीं गांवें वाटतात. इमारतीचें नांव एकानें 'ॐ साई' असें एकाक्षरी ओंकारानें लिहिलें व दुसऱ्यानें 'ओम साई' असें लिहिलें, कीं यंत्राच्या लेखीं इमारती दोन झाल्या. अंकांचेंही तसेंच, मराठी ५ आणि इंग्रजी पांच हे आपल्यास एक, यंत्रास दोन. आणि युनिकोड येण्यापूर्वीं कचेऱ्यांतून जे मराठी फाँट वापरीत, त्यांत तर दिसण्यापुरतें मराठी आणि पोटांत रोमन अक्षरें असा प्रकार असे. तीं दप्तरें आज नव्या यंत्रापुढें ठेविलीं कीं निव्वळ चेटूक दिसतें. म्हणून दोन कचेऱ्यांनीं परस्परांस विचारावयाचें तें नांवानें विचारूं नये, क्रमांकानें विचारावें. आणि क्रमांक कोणत्या अंकांत लिहावयाचा हें आधीं ठरवावें. ज्यांस हें बारीकसारीक वाटतें त्यांनीं एकदां मालमत्ता-पत्रकावर, वीजबिलावर व आधार-पत्रावर आपलें नांव कसें लिहिलें आहे तें ताडून पाहावें.

एस्टोनिया नांवाचा एक चिमुकला देश आहे. लोकसंख्या सुमारें तेरा लक्ष, म्हणजे आमच्या कल्याण-डोंबिवलीच्या पंक्तीस बसेल इतकी. तेथें २००१ सालापासून सरकारी कचेऱ्यांचे सर्व्हर एक्स-रोड नांवाच्या व्यवस्थेनें एकमेकांस विचारतात. दप्तर ज्याचें त्याच्याकडेच राहतें. विचारणारा हवें तेवढेंच विचारतो, उत्तरावर स्वाक्षरी व वेळ असते, आणि आपली माहिती कोणत्या कचेरीनें पाहिली हें नागरिकास पाहतां येतें. ह्या शेवटल्या गोष्टीचें महत्त्व आम्हांस फार वाटतें. दोन कचेऱ्या बोलूं लागल्या म्हणजे साऱ्या घराची कुंडली चव्हाट्यावर मांडावी असें नव्हे. 'हा परवाना दिला काय?' ह्या प्रश्नास 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच उत्तर पुरे. मालकाचा दूरध्वनि व बायकामुलांचीं नांवें त्यासोबत येण्याचें कारण नाहीं.

आपल्याकडे शासन स्वस्थ बसलें आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. डोंबिवलीचा गवगवा झाल्यावर, फेब्रुवारी २०२३ मध्यें, राज्य शासनानें स्थानिक नियोजन प्राधिकरणांनीं आपलीं संकेतस्थळें महारेराशीं जोडावीं व तोंपर्यंत दिलेले परवाने संकेतस्थळावर प्रसिद्ध करावेत असा आदेश काढला. जून २०२३ पासून महारेरानें परवान्याची खातरजमा प्राधिकरणाकडून ई-मेलनें करून घेण्यास आरंभ केला. हें स्तुत्य आहे. तथापि ई-मेल वाचणारा मनुष्यच असतो. त्यास रजा असते, बदली असते, आणि शंभर पत्रांत एखादें राहूनही जातें. शासनहराच्या वाटेवरचा हा पहिला मुक्काम म्हणतां येईल.

१ ऑगस्ट २०२३ पासून घरांच्या जाहिरातींत महारेराचा क्यू.आर. कोड छापणें सक्तीचें झालें आहे. ह्या चौकोनी ठिपक्यांवर कोणी फार विसंबूं नये. तो कोड आपणांस महारेराच्या पानावर नेतो, आणि त्या पानावरचा मूळ कागदच बनावट असेल, तर तो आपणांस अत्यंत प्रामाणिकपणें बनावट कागदाशीं नेऊन पोंचवितो. खरें विचारावयाचें तें परवाना देणाऱ्या कचेरीसच.

तेव्हां ज्यांस येत्या पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला घराचा बयाणा द्यावयाचा आहे, त्यांनीं यंत्रांची वाट न पाहतां हें दूतकर्म स्वतः करावें. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचें पान उघडून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत उतरवून घ्यावी. तिच्यावरील जावक क्रमांक, दिनांक, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर व मजल्यांची संख्या एका कागदावर लिहावी. तो कागद घेऊन महानगरपालिकेच्या नगररचना विभागांत जावें आणि विचारावें, हा परवाना आपण दिला काय, आणि किती मजल्यांचा दिला? तोंडी होकार मिळाल्यास घरीं परत येऊं नये, लेखी मागावा. तो मिळण्यास अडचण पडल्यास माहितीच्या अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्यान्वयें त्याच कचेरींतील जन माहिती अधिकाऱ्याच्या नांवें अर्ज करावा. अर्जांत हकीगत लिहूं नये, वरचे पांच तपशील देऊन एकच प्रश्न विचारावा व परवान्याची साक्षांकित प्रत मागावी. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा, पोंच घ्यावी. कायद्यानें उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. बिल्डर बयाण्यासाठीं आठच दिवसांची मुदत देत असला, तरी तें लेखी उत्तर हातीं येईपर्यंत चेकबुक कपाटांतच राहूं द्यावें.